शाळेतील गणित कोणासाठी?

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता त्या काळी सेलू, मानवत, परभणी येथील कापसाच्या बाजारास दोन नाण्यांचा हिशेब सांभाळावा लागे. एक निजामाचा हाली सिक्का आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. सात हालीस सहा कलदार हा सर्वसाधारण भाव. शंभर कलदार रुपयांस एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली पडत. मुंबईच्या पेढीकडून तीनशे कलदारांची हुंडी आली म्हणजे येथे तिचे साडेतीनशे हाली व्हावयाचे. हा हिशेब ज्यास तोंडी करता येई त्याचा माल योग्य भावाने जाई, आणि ज्यास येत नसे त्यास समोरचा सांगेल तो आकडा खरा मानावा लागे.

आता त्याच गावच्या शाळेत काय चालले होते, ते पाहू. निजामी राज्यात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे तर तेच वैशिष्ट्य होते. त्यासाठी खास भाषांतर-विभाग काढून गणिताची सारी परिभाषा उर्दूत घडविण्यात आली. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयत्न तोलामोलाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु परभणीच्या मराठी घरातील मुलास मात्र गुणाकारास जरब, भागाकारास तकसीम, अपूर्णांकास कसर, त्रिकोणास मुसल्लस आणि क्षेत्रफळास रकबा असे म्हणावे लागे. (बेरीज आणि वजाबाकी हे आपले अस्सल घरगुती शब्द मूळचे फारसी-अरबी वंशाचे आहेत, ही गंमत वेगळी.) घरी आजोबा त्याच्याकडून पावकी-निमकी म्हणवून घेत, बाजारात हाली-कलदाराचे त्रैराशिक कानी पडे, आणि शाळेत तिसरेच गणित तिसऱ्या बोलीत शिकविले जाई. या तिन्ही गणितांची एकमेकांशी गाठ घालून देणारे पुस्तक कोठे नव्हते. कारण असे पुस्तक हवे, याचा विचार कोणी एकत्र बसून केलेलाच नव्हता.

पुस्तक निवडण्यापूर्वी ते कशासाठी निवडावयाचे, या शिक्षणाने मुलाच्या हाती काय यावे, यासंबंधी शिक्षक, पालक आणि राज्यकर्ते यांचे एकमत असावे, ही गोष्ट उच्चारावयास फार सोपी आहे. महाराष्ट्रातील शालेय गणिताचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळला, तर ती किती दुर्मिळ आहे हे दिसून येते. आणि जेव्हा एकमत होते तेव्हाही ते कोणाकोणाचे होते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पंतोजीच्या शाळेचे उदाहरण घेऊ. त्या शाळेस छापील पुस्तक नव्हते. धूळपाटी होती, उजळणी होती आणि छडी होती. पाढे तीसपर्यंत पाठ झाले की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत. पावकी म्हणजे पावाचा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, पाऊणकी म्हणजे पाऊणाचा. त्यानंतर सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. आजच्या वाचकास हे पाठांतराचे ओझे वाटेल. पण त्या काळचे नाणे आणि माप डोळ्यांपुढे आणावे. रुपयाचे आणे सोळा. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. चार आणे शेर दराने तेरा शेर जिन्नस घेतला तर पावकीतील तेराव्या घरात सव्वातीन रुपये तयारच आहेत. साडेतीन रुपये मणाने सतरा मण विकला तर औटकी सांगते, साडेएकोणसाठ. कागद नको, लेखणी नको. धान्य, कापड, व्याज, सारा, मजुरी या सर्वांच्या किल्ल्या त्या सात पाढ्यांत होत्या. पंतोजी, सावकार, कुळकर्णी आणि मुलाचा बाप यांना गणित कशासाठी शिकावयाचे हे विचारावे लागत नव्हते. हेतू बोलून दाखविलेला नव्हता, तरी तो सर्वांच्या मनात एकच होता आणि शिकविण्याचे साहित्य त्या हेतूच्या मापाने बेतलेले होते. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या अधिकाऱ्याने १८२१ साली आपल्या टिपणीत येथील गावशाळांची बरीच वाखाणणी केली. मूठ-दोन मूठ धान्यावर चालणाऱ्या या शाळांमुळे शेतकरी आणि किरकोळ दुकानदारही आपला हिशेब चोख ठेवतात, विलायतेतील खालच्या वर्गांस ते साधत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

हे चित्र मोहक आहे, पण संपूर्ण नाही. पंतोजीच्या ओसरीवर मुली नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्यांची मुले नव्हती, आणि कुणब्याची मुले असली तर थोडी. म्हणजे हेतूवर एकमत होते ते चोपडी लिहिणारांचे; चोपडीत ज्याचे नाव लिहिले जाई त्यास कोणी विचारले नव्हते. प्रेंडरगास्टनंतर एकसष्ट वर्षांनी, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात ही दुसरी बाजू उमटलेली आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध यांचे वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य, नीती असे विषय मागितले. यातील मोडी आणि हिशेब ही जोडी सहज पडलेली नाही. कर्जरोखा मोडीत, खातेवही मोडीत. ज्यास मोडी वाचता येत नाही आणि व्याज मोजता येत नाही, तो अंगठा कशावर उठवितो हे त्याचे त्यास ठाऊक नसते. गणित कोणासाठी, याचे इतके स्पष्ट उत्तर त्या शतकात दुसऱ्या कोणी दिले असेल असे वाटत नाही. परंतु फुल्यांनी मागितलेले गणित आणि खात्याने छापलेले गणित यांची भेट झाली नाही.

खात्याचे गणित आले कोठून? त्याचा उगम मुंबईत आहे. १८२२ साली नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी निराळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष. या मंडळीचे एक श्रेय मोठे आहे. त्यांनी प्रथम पुस्तके छापली नाहीत. प्रथम एक समिती नेमून देशी शाळांची स्थिती पाहविली. पुस्तकांची वाण, शिकविण्याच्या पद्धतीचा अभाव, योग्य शिक्षकांची उणीव आणि पैशाची टंचाई, अशी चार दुखणी समितीने सांगितली. रोगाची परीक्षा आधी आणि औषध मागाहून, हा क्रम उत्तम होता. मात्र परीक्षा झाली ती शाळेत काय नाही याची. शाळेने कशासाठी असावे, या प्रश्नावर गावाला कोणी बोलाविले नाही.

सोसायटीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस हे पेशाने इंजिनियर. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे आणि इतर शास्त्रीमंडळी यांच्या संगतीत मराठी पाठ्यपुस्तकांचा पाया घातला गेला तो याच काळात. जार्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणि गुजरातीत उतरविली, आणि त्यासाठी मुख्यतः चार्ल्स हटन याच्या ग्रंथाचा आधार घेतला. हा हटन विलायतेत वूलिच येथील लष्करी विद्यालयात गणिताचा अध्यापक होता. त्याचा ग्रंथ तोफखान्याच्या आणि इंजिनियरिंगच्या उमेदवारांसाठी लिहिलेला. अंकगणितापासून बीजगणित, भूमिती, लॉगरिथम, त्रिकोणमिती असा तो चढत जातो. ज्यास पूल बांधावयाचे, जमीन मोजावयाची, त्यास तो ग्रंथ सर्वतोपरी योग्य. आणि कंपनी सरकारास अशी माणसे हवीच होती. पण वूलिचच्या उमेदवारासाठी बेतलेला अंगरखा कोकणच्या किंवा देशावरच्या मुलाच्या अंगात बसतो की नाही, हे कोणी पाहिले नाही. औटकी त्या पुस्तकाच्या बाहेर राहिली आणि पुस्तक बाजाराच्या बाहेर राहिले. तेव्हापासून मराठी मुलाचे गणित दोन झाले, घरचे आणि परीक्षेचे.

जार्व्हिस यांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. पुढे १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, असा कडाक्याचा वाद झाला, तेव्हा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्या विरुद्ध मातृभाषेचा पक्ष घेऊन उभे राहिले ते हेच जार्व्हिस. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे भारतीय सभासद त्यांच्या बाजूचे होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुस्तके छापून वीसएक वर्षे झाल्यावर मंडळाचे सभासद, ही पुस्तके कोणासाठी आणि कशासाठी, या मुळाशी येऊन भांडत होते. वीस वर्षांपूर्वी जे बोलावयास हवे होते ते आता बोलले जात होते, आणि तेही चार भिंतींच्या आत.

हेतू आधी आणि साहित्य मागाहून, असा क्रम महाराष्ट्रात एकदा खरोखर पाळला गेला. तो वर्धा येथे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या पुढाकाराने तेथे शिक्षणपरिषद भरली आणि तिने एक समिती नेमली. समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, जन्माने ते हैदराबादचे, म्हणजे परभणी ज्या संस्थानात होती त्याच्या राजधानीचे. उद्योगातून शिक्षण हा सिद्धान्त प्रथम मान्य झाला आणि मग प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम त्यास जुळवून आखण्यात आला. गणिताचा हेतू त्यांनी शब्दबद्ध केला तो असा, की हातातील उद्योग, घर आणि गाव यांच्या व्यवहारात पडणारी अंकांची आणि आकृतींची कोडी मुलास झटपट सोडविता यावीत. टकळीवर कातलेल्या सुताचा अंक काढावयाचा म्हणजे एक रत्तल सुतात आठशेचाळीस वारांच्या किती लडी बसतात हे पाहावयाचे. वीस अंकी सूत असेल तर रत्तलात सोळा हजार आठशे वार. या एका उदाहरणात गुणाकार, भागाकार, सरासरी आणि मजुरीचा दर इतके सगळे येते. आणि मुलाने कातलेले सूत समोर असल्यामुळे उत्तर चुकले तर सूतच ते सांगते. कल्पना सुंदर होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने तिला संमती दिली.

तरीही ती रुजली नाही, आणि का रुजली नाही याचे कारण येथे महत्त्वाचे आहे. हेतूवर एकमत झाले होते ते परिषदेत जमलेल्या थोर मंडळींचे. शहरातील आणि तालुक्याच्या गावातील बापास मुलगा मॅट्रिक व्हावा, नोकरीस लागावा असे वाटे. टकळी पाहून त्यास मजुरीची आठवण होई. खेड्यातील बापास वाटे, सूत कातणे हे तर घरीही शिकता येते, शाळा त्यासाठी कशास हवी? त्यांचे हे म्हणणे बरोबर होते की चूक, हा प्रश्न निराळा; पण ते म्हणणे ऐकून घेणारी व्यवस्था योजनेत नव्हती. शिक्षकांची तयारीही अपुरी पडली. दहा जणांनी आखलेला हेतू दहा लाखांचा आपोआप होत नाही.

निजामी मराठवाड्यापर्यंत वर्ध्याचा हा वारा पोहोचलाच नाही म्हटले तरी चालेल. तेथे तेव्हा झगडा चालला होता तो भाषेचा आणि नागरिक म्हणून जगण्याच्या हक्काचा. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ सालीच परतूर येथे भरले. परतूर त्या काळी परभणी जिल्ह्यातच होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखा पुढारी अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचा मुख्याध्यापक होता, यावरून शाळा आणि चळवळ किती जवळ होत्या हे कळते. पण मातृभाषेची शाळा मिळविणे हेच जेथे युद्ध होते तेथे त्या शाळेत गणित कोणते असावे, हा प्रश्न मागे पडावा यात नवल नाही.

पुढची वीस वर्षे मराठवाड्यातील विद्यार्थ्यास विलक्षण गेली. १९४६ साली परभणीस पहिलीत बसलेल्या एखाद्या मुलाची कल्पना करावी. तो तिसरीत असताना, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामी राजवट संपली. हाली सिक्का आणखी काही वर्षे चालून नाहीसा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याबरोबर खाते, नियम, क्रमिक पुस्तके यांचीही घडी बदलली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणांच्या जागी टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम येऊ लागला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. एका मुलाच्या वाढत्या वयात राज्ये बदलली, नाणी बदलली, मापे बदलली, भाषेचे माध्यम बदलले. इतके सगळे बदलत असताना गणिताचे पुस्तकही बदलणे भागच होते. परंतु ते बदलले ते बाहेरच्या धक्क्यांनी.

दशमान पद्धतीने तर एक मोठी घटना निमूटपणे घडवून आणली. पावकी ते औटकी हे सात पाढे, ज्यांवर कित्येक पिढ्यांचा व्यवहार चालला, ते हळूहळू शाळेतून गेले. सोळा आण्यांचा रुपया गेल्यावर पावल्या-अधेल्यांच्या हिशेबाची गरज उरली नाही, हे खरे. पण अडीच किलो आणि साडेतीन मीटर आजही दुकानात मागतातच, आणि पाऊणपट-दीडपटीची जी जाण त्या पाढ्यांमुळे कानात बसे ती दशांश चिन्हाने येत नाही. ते पाढे ठेवावे की टाकावे, यावर वाद झाला असता तर कदाचित ते टाकण्याचेच ठरले असते. वाद झाला नाही, याचेच वाईट वाटते.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे घरोघरी परिचित असलेली बालभारती, स्थापन झाली. खाजगी प्रकाशकांच्या मंजूर पुस्तकांतून निवड करण्याचे दिवस संपत गेले. मुंबईच्या आणि जिंतूरच्या मुलाच्या हाती एकच पुस्तक, तेही स्वस्त, ही सामाजिक दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. मात्र एकाच पुस्तकाने कोट्यवधी घरे बांधली गेली म्हणजे त्या पुस्तकामागील हेतू सर्वांस ठाऊक असण्याची गरज शतपट वाढते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात गणित आणि विज्ञान सर्वांस आवश्यक करावे अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे मराठी गृहस्थ. महाराष्ट्रात दहावीची नवी शालान्त परीक्षा १९७५ साली सुरू झाली. याच सुमारास जगभर नव्या गणिताची लाट होती. रशियाने १९५७ साली कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने घाईने शालेय गणित नवे केले; संच, उपसंच या कल्पना लहान मुलांच्या पुस्तकांत आल्या, आणि १९७३ साली मॉरिस क्लाईन या गणितज्ञाने त्यावर सडकून टीका करणारे पुस्तकच लिहिले. आपल्याकडेही संच आले. मुलाने घरी येऊन संच म्हणजे काय विचारले आणि व्यापारी गणितात निपुण असलेला बाप गप्प बसला, अशी ती पिढी.

देशपातळीवर हेतूचा प्रश्न पुन्हा मुळापासून विचारला गेला तो २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी. गणित-अध्यापनाच्या अभ्यासगटाचे अध्यक्ष आर. रामानुजम होते. आकडेमोड येणे हे गणिताचे संकुचित ध्येय होय. मुलाच्या विचारांस गणिती वळण लागणे, त्याला गृहीतकांपासून तर्काने पुढे जाता येणे, हे त्याचे उच्च ध्येय होय, असा भेद त्या गटाने मांडला. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पण ती मांडणी वाचलेले पालक परभणीत किती आणि पुण्यात तरी किती?

या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या जून महिन्यात मिळाले. बालभारतीने इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक काढले, आणि त्यात एकवीस, बावीस या नावांबरोबर वीस एक, वीस दोन अशीही नावे दिली. महाराष्ट्रात एकच कल्लोळ झाला. विधानसभेत प्रश्न आला, थट्टामस्करी झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. छत्तीसच्या आकड्यास आता तीस सहाचा आकडा म्हणावयाचे काय, बावनकशी सोन्याचे काय करावयाचे, असे प्रश्न विचारले गेले.

गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जे उत्तर दिले ते शांतपणे वाचण्यासारखे होते. मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव निराळे आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात. त्यामुळे सहा-सात वर्षांचे मूल पंचवीस ऐकून बावन्न लिहिते. एकोणतीस म्हणताना तर तीस ऐकू येतात आणि लिहावयास दोन आणि नऊ. त्र्याण्णव, अठ्ठ्याहत्तर यांतील जोडाक्षरे वेगळीच. तेलुगू आणि कन्नड भाषांत दशक आधी बोलतात, एकक मागाहून. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एक. मराठी मुलासही समजेपर्यंत तसा आधार द्यावा. जुनी नावे काढलेली नाहीत, ती शेजारीच आहेत. समितीचा हेतू हा असा होता: गणिताची भीती ज्या वयात बसते त्या वयात ती बसू नये.

परभणीच्या दृष्टीने या युक्तिवादास आणखी वजन आहे. येथील वर्गात मराठी, दखनी उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले एका बाकावर बसतात, आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर तेलुगू सुरू होते. उर्दूतही इक्कीस म्हणताना एकक आधी येतो. ज्या घरात उजळणी म्हणवून घेणारे कोणी नाही त्या घरच्या मुलास नव्वद-एक निराळी नावे केवळ शाळेच्या बळावर पाठ करावी लागतात. वीस एकची सोय प्रामुख्याने त्याच्यासाठी होती. ज्यांच्या घरी आजी पाढे घेते त्यांस ती सोय अनावश्यक वाटावी, हे स्वाभाविक आहे. आणि कल्लोळ झाला तो बहुतांशी अशाच घरांत.

विरोधकांचे सारेच म्हणणे टाकाऊ नव्हते. संख्येचे नाव हे केवळ गणिताचे साधन नाही, ते भाषेचे धन आहे. दुकानदार, बसचा वाहक, आत्या, मामा सगळे पंचवीसच म्हणणार. मग मुलास दोन नावे लक्षात ठेवावी लागून त्याचे ओझे हलके होण्याऐवजी वाढेल, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर देता आले असते, प्रयोग करून दाखविता आला असता. पण पालकांपर्यंत ही गोष्ट पोहोचली ती मुख्यतः वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरील वादातून, पुस्तक छापून झाल्यावर. नारळीकरबाईंनी आयुष्यभर गणित सोपे करून सांगितले. त्यांचे ‘गणितगप्पा’ हे पुस्तक मराठी घरांत आवडीने वाचले जाते. इतक्या समर्थ शिक्षिकेस आपला हेतू राज्यापुढे मांडण्याची संधी मिळाली ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून. १७ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

हाच बदल दुसऱ्या एका देशाने केलेला आहे. नॉर्वेत पूर्वी आपल्याप्रमाणेच एक-आणि-वीस म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना चुका होत, म्हणून तेथील टेलिफोन खात्याने वीस-एक असा क्रम सुचविला. प्रश्न संसदेपुढे गेला, संसदेने निर्णय केला, आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, नभोवाणी आणि सरकारी कचेऱ्या यांनी एकदमच नवा क्रम उचलला. म्हणजे पुस्तक बदलण्यापूर्वी देशाने ठरविले, आणि पुस्तकाच्या पाठीशी सगळी सार्वजनिक बोली उभी केली. इतके करूनही जुनी पद्धत लोकांच्या तोंडून गेली नाही. पन्नास वर्षांनंतरही कित्येक माणसे दोन्ही पद्धतींनी बोलत राहिली. आणि इकडे महाराष्ट्रात हे काम दुसरीच्या एका पुस्तकाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा होती.

गावाला विचारण्याची जागा आपल्या कायद्यात नाही असे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती दिली आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची केंद्रावर शिक्षण परिषद भरते. परभणीसारख्या जिल्ह्यात समितीपुढे खोल्यांची दुरुस्ती, पोषण आहार, शौचालय, हजेरी हे विषय येतात, आणि ते यावयासच हवेत. परंतु ज्या बापास सोयाबीनच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि कडता वजा होऊन हाती काय पडते हे पाहावयाचे असते, बचतगटात ज्या आईस महिना दोन टक्के म्हणजे वर्षाचे किती हे जाणावयाचे असते, त्यांना आपल्या मुलाच्या गणिताविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते. अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार कायद्याने त्या समितीस दिलेला नाही. मत विचारण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाही.

१६ एप्रिल २०२५ रोजी शासनाने नव्या राष्ट्रीय धोरणानुसार पहिलीपासून टप्प्याटप्प्याने अभ्यासक्रम आणि पुस्तके बदलण्याचा निर्णय काढला. त्यातील तिसऱ्या भाषेच्या कलमावरून राज्यभर वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी भाषेविषयीचे आदेश मागे घेण्यात आले. त्या दोन-अडीच महिन्यांत भाषेविषयी सभा झाल्या, मोर्चे ठरले, घरोघरी चर्चा झाली. गणिताचे नाव त्यात फारसे कोणी काढले नाही. पहिलीनंतर दुसरीचे पुस्तक, हा क्रम त्या निर्णयातच होता; आणि एकवीस म्हणावे की वीस एक, हे ज्या पानावर ठरावयाचे ते पान दुसरीच्याच पुस्तकात असते.